वळणाचा बांध

उतारावरचा तो दगडी बांध तिसऱ्यांदा पडला, तेव्हा मिस्तरीच्या घराची मागची भिंत घेऊनच पडला. माणसं वाचली, कारण म्हातारीला पहाटेच खोकल्याची उबळ आली होती आणि तिच्या खोकल्याला वैतागून मुलगा-सून पुढच्या खोलीत येऊन बसले होते. "माझ्या खोकल्याला नावं ठेवत होतात ना," म्हातारी पुढं महिनाभर येईल-जाईल त्याला ऐकवत होती, "त्यानंच तारलं."

उतार सगळा बागवाल्याचा. वरपासून खालपर्यंत पायऱ्यापायऱ्यांची फळबाग आणि प्रत्येक पायरीला धरून ठेवणारा एकेक दगडी बांध. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. मिस्तरीच्या आजापासून हे बांध त्यांच्याच घरानं घातले होते आणि त्या कामापायीच मधल्या बांधाखालची दोन खोल्यांची जागा त्यांना राहायला मिळाली होती. बाकीचे बांध जागचे हलले नव्हते. हा एकच, वाकड्या झाडापाशी, दर चार-सहा वर्षांनी आडवा व्हायचा.

पावसाळा सरल्यावर बागवाला ढिगाऱ्यासमोर येऊन उभा राहिला. बोलायला शांत माणूस. आवाज चढवायचं काम त्यानं मुकादमावर सोपवलेलं होतं.

"मिस्तरी, पुढच्या पावसाच्या आत बांध उभा पाहिजे. नाही जमलं तर मी मशीनवाले आणतो. मग ही जागाही लागेल मला, त्यांचं सामान ठेवायला."

"जमतंय की," मिस्तरी म्हणाला.

दोन महिने ढिगारा उपसण्यात गेले. मोठे दगड एकीकडे, मधले दुसरीकडे, कपच्या टोपलीत. मिस्तरीनं दोरी ताणून पाया खणला आणि पायाचा पहिला मोठा धोंडा पहारीनं सरकवताना पहार सटकली. धोंडा त्याच्या गुडघ्याखाली येऊन बसला. आवाज आला तो दगडाचा नव्हता, हाडाचा होता.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून त्याला घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी पाच महिने सांगितले होते. मुकादम दारात आला. आत खाटेवर मिस्तरी, उंबऱ्याजवळ म्हातारी आणि चुलीपाशी मिस्तरीची बायको. तिला सगळे घुमी म्हणायचे. लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने ती 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलली नव्हती, म्हणून सासूनंच ते नाव पाडलं होतं. चौदा वर्षं ती नवऱ्याच्या हाताखाली दगड देत होती. त्यानं नुसता हात मागं केला की हवा तो दगड त्याच्या हातात पडायचा. मिस्तरीला वाटायचं, आपला हात चांगला चालतो.

"आता कसं करायचं?" मुकादम म्हणाला. "डोंगरापलीकडचा एक कारागीर होता, तोही शहरात गेला."

"मी लावते," घुमी म्हणाली.

मुकादमानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो मिस्तरीला म्हणाला, "बायकोला सांग, दगड वाहा म्हणावं. लावायला माणूस बघू आपण."

"मीपण माणूसच आहे," घुमी म्हणाली.

म्हातारीच्या हातातलं भांडं खाली पडलं. चौदा वर्षांत इतकं लांब वाक्य सुनेच्या तोंडून परक्यासमोर तिनं ऐकलं नव्हतं.

मुकादमाला माणूस मिळाला नाही. आठ दिवस हिंडला आणि मग काही न बोलता दोन गड्यांना मोठे धोंडे सरकवायला पाठवून दिलं. त्याचा अर्थ, कर काय करायचंय ते.

पहिले दिवस वाईट गेले. नवरा दगड कसे लावायचा ते डोळ्यांत साठलेलं होतं, पण डोळ्यातलं हातात उतरेना. दगड उचलायची, ठेवायची, काढायची, फिरवायची, परत ठेवायची. बोटांची टोकं सोलून निघाली. चौथ्या दिवशी मुकादम आला, तिनं लावलेल्या थरावर त्यानं बुटाचं टोक ठेवलं आणि हलकेच दाबलं. दगड डुलला.

"खुळखुळा केलाय," तो म्हणाला. "तान्ह्या पोराच्या हातात द्यायला बरा आहे."

गडी हसले. घुमीनं मान खाली घातली आणि तो थर काढायला घेतला.

घरी आली तेव्हा बातमी तिच्या आधीच पोचली होती. मिस्तरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. "तीन पिढ्यांचं नाव," एवढंच तो म्हणाला. म्हातारीनं वाटीत तेल कोमट केलं, सुनेचे हात मांडीवर घेतले आणि एकेक बोट चोळायला लागली. चोळता चोळता म्हणाली, "याच्या बापानं लावलेला पहिला बांध मी पाहिलाय. त्यावर मांजर चढलं आणि बांध पडला."

"आई!" मिस्तरी ओरडला.

"मांजरपण काही जाडजूड नव्हतं," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घुमी सकाळी लवकर गेली. गडी अजून आले नव्हते. ती दगडांच्या राशीसमोर बसली आणि बसूनच राहिली. तिला एक गोष्ट कळली होती, रात्री हात ठणकताना कळली होती. ती दगड ठेवताना दगडाकडे बघतच नव्हती. ती मुकादमाच्या बुटाकडे बघत होती. बूट समोर नसला तरी. आणि बूट नसेल तेव्हा नवऱ्याच्या पाठीकडे, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या पाठीकडे. मग दगड कसा बसणार? त्याला विचारलंच कुणी नव्हतं.

तिनं एक दगड उचलला. ओंजळीत मावेल त्याहून मोठा, एका अंगाला सपाट, दुसऱ्या अंगाला खांदा असलेला. नुसता धरून ठेवला. जड बाजू कुठली, हे हळूहळू तळव्याला कळलं. थंड बाजू कुठली तेही. मग तिनं बांधातल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. ती जागा नुसतीच मोकळी नव्हती, तिलाही आकार होता. दगड तिनं ठेवला म्हणण्यापेक्षा तो तिच्या हातातून उतरला आणि 'डब्ब' असा भरीव आवाज झाला. तिनं टाच रोवून दाबलं. हलला नाही. फटीत ठोकायला कपचीही लागली नाही.

मग दुसरा. मग तिसरा. आता हात आपोआप राशीकडे जायचा आणि जो दगड हाताला लागायचा तोच हवा असायचा. श्वास कधी संथ झाला, ऊन कधी खांद्यावरून पाठीवर गेलं, तिला कळलं नाही आणि तरीही सगळं कळत होतं. मुंगी चढताना दिसत होती, वरच्या बागेत कुणीतरी पाणी सोडल्याचं ऐकू येत होतं, स्वतःच्या गुडघ्यातली कळसुद्धा स्पष्ट होती, पण ती कळ कुणा एकीची नव्हती. दगड, हात, ऊन, कळ, सगळं एकाच जागी होतं आणि त्या जागेला कुठं कड नव्हती. भीती शोधायला गेली असती तर सापडली नसती. शोधायला तरी कोण जाणार होतं?

"अगं ए!" म्हातारी भाकरी घेऊन समोर उभी होती. "तीन हाका मारल्या. बहिरी झालीस का? कुठं होतीस?"

"इथंच," घुमी म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं? लागलं का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये," घुमी म्हणाली आणि हसली. म्हातारीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग म्हातारीची नजर बांधावर गेली. सकाळपासून दीड थर लागला होता, खालच्या सांध्यावर वरचा सांधा कुठं आला नव्हता. म्हातारीनं पदर खोचला. "तू जेव," ती म्हणाली. "कपच्या मी वेचून देते. बसून बसून माझंही अंग आंबलंय."

त्या दिवसापासून सासू-सून दोघी जायच्या. रोज तसं व्हायचं असं नाही. काही दिवस नुसतेच दगड असायचे आणि नुसतेच हात. पण वाट कुठून आहे हे घुमीला आता माहीत होतं. बूट मनातून काढायचा, पाठ काढायची, आणि थांबायचं.

असंच एके दुपारी, वाकड्या झाडापाशी काम पोचलं, तेव्हा तिच्या तळव्याला मागची माती थंड लागली. भर उन्हाळा, वरच्या बागेतली पानं करपलेली, आणि इथं कोपरभर आत माती ओली. तिनं हातानंच उकरलं. बोटांना चिखल लागला. डोंगराच्या पोटातून पाणी येत होतं, अगदी बारीक, पण कायमचं. तिन्ही वेळा बांध इथूनच का गेला हे तिला कुणी न सांगता समजलं. पाणी मागून ढकलत होतं आणि सरळ भिंत छाती काढून त्याच्या वाटेत उभी होती.

तिनं दोरीची खुंटी उपटली आणि ताणलेली दोरी गुंडाळून ठेवली.

"हे काय करतेस?" म्हातारी म्हणाली.

"इथं बांध आत वळवायचा. डोंगराकडे. धनुष्यासारखा. ढकललं की दगड एकमेकांना आणखी घट्ट धरतील. आणि खाली पाण्याला भोकं ठेवायची."

"कुणी सांगितलं तुला?"

घुमीनं ओल्या मातीकडे बोट केलं.

वळण दिसायला लागायला पंधरा दिवस लागले आणि ते दिसल्याबरोबर मुकादम तरातरा आला. मागून बागवालाही आला. दोघं बांधाकडे न जाता आधी मिस्तरीच्या दारात उभे राहिले.

"मिस्तरी, तुझ्या बायकोला सांग, दोरीत लाव म्हणावं," बागवाला म्हणाला. घुमी चार पावलांवर पाणी पीत होती. "वाकडा बांध माझ्या बागेत नको. लोक हसतील."

मिस्तरीचं प्लास्टर निघालं होतं, पाय काडीसारखा झाला होता. कुबडी घेऊन तो पहिल्यांदाच बाहेर पडला आणि एकेक पाऊल टाकत वर गेला. बांधापाशी पोचेपर्यंत त्याला घाम फुटला. वळणावरून हात फिरवत राहिला, एका भोकात कोपरापर्यंत हात घातला, मागची बारीक खडीची भर चाचपली.

"आमच्यात कुणी वाकडा बांध घातला नाही," तो हळूच बायकोला म्हणाला.

"तीनदा पडला," घुमी म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. मग तसाच वळून म्हणाला, "मालक, मी यात एक दगडही हलवणार नाही."

"मग आम्ही हलवतो," मुकादम म्हणाला आणि गड्यांना हाक मारली. दोघं पहारी घेऊन आले. घुमी बांधावर चढली आणि वळणाच्या बरोबर मध्यावर मांडी घालून बसली.

"असा बांध वरूनच उतरवावा लागतो," ती म्हणाली. "सगळ्यात वरचा दगड मी आहे. आधी मला उचला."

गडी एकमेकांकडे बघत राहिले. एकानं पहार जमिनीवर टेकवली. त्यानं खालचे धोंडे स्वतः सरकवले होते, ते कसे बसलेत हे त्याला ठाऊक होतं.

"उद्या हा पडला तर?" बागवाला पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला.

"पडला तर खाली आमचं घर आहे. तुमच्या अंगावर नाही पडणार, माझ्या पडेल. म्हणून तर नीट लावलाय."

बागवाला निघून गेला. बांध उन्हाळा संपायच्या आठ दिवस आधी पुरा झाला.

पाऊस आला तो असा, की खालच्या रस्त्यावरचा पूल गेला. सलग नऊ दिवस. वरच्या बागेतले दोन जुने, सरळ, नामांकित बांध फुगले आणि एक ढासळला. वाकड्या झाडापाशी अकरा भोकांतून अकरा धारा पडत राहिल्या आणि बांध जागचा हलला नाही. मिस्तरी रात्रंदिवस दाराशी बसून धारा मोजायचा. "अकरा," दर थोड्या वेळानं म्हणायचा. "अकराच आहेत."

उघडीप झाल्यावर लोक बघायला आले. बागवाल्यानं एका बुवांना आणलं. बुवा बांधासमोर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "या झाडाचा देव इतकी वर्षं कोपलेला होता. आता तो शांत झालाय. ही रचना माणसाची नाही." बागवाल्यानं हात जोडले. माणसाची नाही, हे ऐकून त्याला जरा हलकं वाटलं असावं. ज्या बाईला त्यानं चारचौघांत अडवलं होतं, तिचं नाव घ्यायची आता गरज उरली नव्हती.

आठवड्याभरात बांधापाशी दिवे लागले. लोक फुलं आणायचे, नवसाच्या चिंध्या आणायचे, आणि ठेवायला आयती जागा होती ती भोकांची. फुलं वाहून जाऊ नयेत म्हणून कुणी मागून चिखल लावला, कुणी कापडाचा बोळा सारला. घुमी काढायला गेली, तर मुकादमानं हटकलं. "आता इथं हात लावायचा नाही. देवाची जागा आहे. बायामाणसांनी लांबूनच नमस्कार करायचा."

"मी लावलाय हा."

"बुवांनी सांगितलंय कुणी लावलाय ते."

ती घरी आली. दोन दिवस बांधाकडे फिरकली नाही. म्हातारी म्हणाली, "जाऊ दे. देव तर देव. बांध उभा आहे ना?"

"आई, मी तिथं असताना काय होतं ते तुम्ही पाहिलंय," घुमी म्हणाली. "त्या दिवशी. तुम्ही कपाळाला हात लावून पाहिलात."

म्हातारीनं सुनेचे हात मांडीवर घेतले. म्हणाली, "पाहिलंय."

तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस लागला. सकाळी घुमीला जाग आली ती आवाज नसल्यामुळे. पाऊस पडत होता, पण धारांचा आवाज नव्हता. ती तशीच धावत वर गेली. बांधाच्या मध्यावर एक कपची सुटून खाली पडली होती. तिनं गाल दगडाला लावून बांधाच्या अंगानं पाहिलं. वळणाला बोटभर पोट आलं होतं.

बांधासमोर छत्र्यांखाली वीस-पंचवीस माणसं होती. त्या दिवशी बुवांच्या हातून पूजा ठरलेली होती. बुवा मध्यावरच्या भोकासमोर पाटावर बसले होते, बाजूला बागवाला.

घुमीनं बांधाच्या कडेला पडलेली पहार उचलली.

"ए, थांब!" मुकादम धावला. मग वळून ओरडला, "मिस्तरी! आवर तुझ्या बायकोला!"

मिस्तरी कुबडीवर चढण चढून नुकताच पोचला होता, धापा टाकत. "तिलाच सांगा," तो म्हणाला. "ती इथंच उभी आहे." आणि तो मुकादमाच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला, एका पायावर.

घुमीनं पहिल्या भोकात पहार घातली आणि बोळा ओढला. फुलं, चिंध्या, चिखल, अर्धा जळलेला दिवा, सगळं एकदम बाहेर आलं. त्यामागून गढूळ पाण्याची धार उसळली. बाया ओरडल्या. तिनं दुसरं उघडलं. तिसरं. एक म्हातारी बाई रडायला लागली, "माझ्या नातीसाठी बांधलं होतं गं."

घुमी थांबली. चिखलातून चिंधी उचलून तिनं त्या बाईच्या हातात ठेवली. "झाडाला बांधा," ती म्हणाली. "इथं पाण्याला वाट लागते."

मग ती मध्यावर आली. बुवा उठले नव्हते.

"उठा," ती म्हणाली.

"बाई, तू काय करतेस हे तुला समजतंय का? हे देवाचं आहे."

"उठा, भिजाल."

ते उठले नाहीत. तिनं पहार घातली, दोन्ही हातांनी फिरवली आणि ओढली. कितीतरी दिवसांचं तुंबलेलं पाणी पाटासकट बुवांना दोन हात मागं घेऊन गेलं. बागवाल्याची छत्री उलटी झाली. कुणीतरी हसलं आणि लगेच हसू दाबलं. पण म्हातारी सासू हसली ती दाबली नाही. तिला हसता हसता खोकला लागला.

बुवा चिखलातून उभे राहिले. दाढीतून पाणी गळत होतं. "तुला काय वाटतं, तू कोण आहेस? तू स्वतःला देव समजतेस?"

नुसतं पाणी वाजत होतं. घुमीनं खरोखरच विचार केला. चिखलानं भरलेल्या हातांकडे पाहिलं, बांधाच्या वळणाकडे पाहिलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि मिरवण्यासारखंही नव्हतं.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "आत्ता मला राग आलाय. पण दगड लावत असते तेव्हा, हो. असते."

ती खाली वाकली. सात भोकं अजून बुजलेली होती.